शोधप्रबंध जमा झाला, आता डेटाचं काय? बडोद्यातल्या संशोधकांसाठी सुरुवातीची वाट

पीएच.डी.च्या प्रबंधाचं मूल्यमापन पूर्ण झालं की त्याची इलेक्ट्रॉनिक प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे जाते आणि ‘शोधगंगा’वर ती कुणालाही वाचता येते. यूजीसीच्या नियमांनी ही सोय पक्की केली आहे. पण प्रबंध ज्या सामग्रीवर उभा राहिला, तिची सोय कुणी लावून देत नाही. मुलाखतींची रेकॉर्डिंग, भरून घेतलेल्या प्रश्नावल्या, उत्खननातले फोटो, प्रयोगशाळेतली रीडिंग, मोडी कागदांचे स्कॅन आणि त्यांची लिप्यंतरं, हे सगळं संशोधकाच्या लॅपटॉपमध्ये राहतं. लॅपटॉप बदलला की एखाद्या हार्ड डिस्कवर जातं. काही वर्षांनी डिस्क सुरू झालीच, तर ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘नवीन फोल्डर’ यांतलं काय कशाचं आहे, ते मालकालाही सांगता येत नाही.

हा लेख महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठी, इतिहास, पुरातत्त्व, समाजकार्य अशा विषयांत काम करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या ज्या घरांमध्ये जुन्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत आणि कुणीतरी ते मोबाइलवर टिपायला घेतले आहेत, त्यांनाही तो उपयोगी पडेल. विज्ञान शाखेच्या संशोधकांना उदाहरणं बदलावी लागतील, पायऱ्या त्याच राहतील.

जतन म्हणजे साठवण, अशी आपली समजूत असते. साठवण हा त्यातला सोपा भाग आहे. सामग्री जगते ती तिच्यासोबत लिहून ठेवलेल्या माहितीमुळे: ही कुणी, कधी, कशी गोळा केली, यातल्या कोणत्या रकान्याचा अर्थ काय, कोणती जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे. बडोद्याला ही गोष्ट नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं. त्यांनी पुस्तकं जमवण्याइतकंच लक्ष वर्गीकरण, सूची आणि माणसं शिकवून तयार करण्याकडे दिलं. प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, तिच्या प्रत्येक पानाखाली कोणता पाठ कोणत्या पोथीतला याची नोंद आहे. त्या नोंदी काढून टाकल्या तर संहिता उरेल, पण तिच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा ते उरणार नाही. तुमच्या डेटालाही त्या तळटीपांची गरज आहे, आणि त्या पहिल्या दिवसापासून लिहाव्या लागतात.

## वाचायला कुठून सुरुवात करावी

या विषयावर इंटरनेटवर फुकट आणि चांगलं साहित्य भरपूर आहे. अडचण क्रमाची असते. नवखा माणूस शोधायला बसतो आणि पहिल्याच दिवशी ओएआयएस या आंतरराष्ट्रीय प्रारूपाच्या, म्हणजे आयएसओ १४७२१ च्या, जाडजूड दस्तऐवजावर येऊन पोहोचतो. ते प्रारूप मोठी अभिलेखागारं उभारणाऱ्यांसाठी आहे. एका प्रबंधाचा डेटा सांभाळायला त्याची सुरुवातीला काहीच गरज नाही.

माझ्या मते पहिली पायरी एडिनबरा विद्यापीठाचा ‘मंत्रा’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम. छोटे छोटे धडे आहेत, आपल्या सवडीनं करता येतात आणि पैसे लागत नाहीत. फाइलींची रचना, दस्तऐवजीकरण, साठवण, गोपनीयता असे विषय संशोधकाच्या बाजूनं समजावले आहेत. त्यानंतर ब्रिटनमधल्या डिजिटल क्युरेशन सेंटरची मार्गदर्शकं घ्यावीत. हे केंद्र २००४ पासून याच कामात आहे. त्यांचं जीवनचक्राचं चित्र बघून ठेवा: कल्पना, निर्मिती, निवड, जतन, वापर, पुनर्वापर असं सगळं एका वर्तुळात दाखवलं आहे. आपण आत्ता कुठे आहोत ते त्यावरून कळतं. मुलाखती घेणाऱ्यांनी याच टप्प्यावर यूके डेटा सर्व्हिसचं साहित्य वाचावं. संमती आणि ओळख झाकणं या दोन बाबतींत सुरुवातीसाठी मी तेच सुचवेन.

फाइलींचे प्रकार, जुनी माध्यमं, स्कॅनिंग असे प्रश्न पडायला लागले की डिजिटल प्रिझर्वेशन कोअलिशनची ऑनलाइन हँडबुक उघडा. ती सलग वाचू नका. लागेल तो भाग वाचा.

‘फेअर’ तत्त्वांचा उल्लेख तुम्हाला सगळीकडे दिसेल. २०१६ मध्ये ती ‘सायंटिफिक डेटा’ या नियतकालिकात मांडली गेली. डेटा सापडावा, मिळवता यावा, इतर डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा, अशा त्या चार अपेक्षा. यात एक गैरसमज फार होतो. फेअर म्हणजे सगळं खुलं करणं नव्हे. मुलाखती बंद ठेवून, त्या अस्तित्वात आहेत आणि कुणाकडे कोणत्या अटीवर मागायच्या एवढंच जाहीर केलं, तरी ते या तत्त्वांना धरूनच आहे.

हे सगळं साहित्य इंग्रजीत आहे आणि बरंचसं ब्रिटिश किंवा युरोपीय कायदा गृहीत धरून लिहिलेलं आहे. पद्धत घ्या, कायद्याचा भाग आपल्याकडचा पाहा.

## पहिलं काम: यादी

एक कोरी एक्सेल शीट उघडा आणि तुमच्याकडे काय आहे, काय येणार आहे ते लिहा. सामग्रीचा प्रकार, कुठून आली, कोणत्या स्वरूपात, अंदाजे किती जागा घेईल, आत्ता कुठे आहे, आणि ही एकमेव प्रत आहे का. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. हरवली तर पुन्हा मिळणारच नाही अशी गोष्ट कोणती, ते त्यातून कळतं. जनगणनेचा तक्ता पुन्हा उतरवून घेता येईल. नव्वदीतल्या आजींची मुलाखत पुन्हा होईलच असं नाही. तुमची मेहनत आधी तिकडे जायला हवी.

जागेचा हिशेबही आत्ताच करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल असं डब्ल्यूएव्ही रेकॉर्डिंग तासाला साधारण १ जीबी होतं. चाळीस तासांच्या मुलाखती म्हणजे ४० जीबी, आणि तीन प्रती म्हणजे १२०. एवढं मोबाइलबरोबर मिळणाऱ्या फुकट क्लाउडमध्ये मावत नाही, हे आधी कळलेलं बरं.

## दोन पानांचा आराखडा

परदेशात अनेक निधी देणाऱ्या संस्था डेटा मॅनेजमेंट प्लॅन मागतात. तुमच्याकडे कुणी मागितला नसेल तरी लिहा, आणि गाइडना दाखवा. डिजिटल क्युरेशन सेंटरची प्रश्नयादी समोर ठेवली की काम सोपं होतं. काय गोळा करणार, त्याचं वर्णन कसं लिहिणार, संमती आणि हक्कांचं काय, कुठे साठवणार, शेवटी काय ठेवणार आणि काय टाकणार, कुणाला देणार, जबाबदारी कुणाची. याच केंद्राचं ‘डीएमपी ऑनलाइन’ आणि अमेरिकेतलं ‘डीएमपी टूल’ यांत तयार साचे आहेत, पण दोन पानांचा साधा मराठी मजकूरही चालतो. दर सहा महिन्यांनी तो काढून वाचा आणि बदला. विषयाची रूपरेषा मंजूर होतानाच हा आराखडा जोडला तर उत्तम, कारण पुढची पायरी त्याच्याशिवाय चुकते.

## संमती: रेकॉर्डर सुरू करण्याआधी

बडोद्यातल्या मराठी कुटुंबांच्या बोलीवर किंवा संस्थानकाळाच्या आठवणींवर काम करताय असं समजू. तुम्ही काकांकडे जाता, चहा होतो, ओळखी निघतात, आणि ते मोकळेपणानं बोलायला लागतात. त्या मोकळेपणाला जपायचं असेल तर संमतिपत्र आधी आणि त्यांच्या भाषेत. बडोद्यात ते मराठीत आणि गुजरातीत, दोन्हींत तयार ठेवा. काही घरांत बोलणं मराठीत आणि वाचणं गुजरातीत, असं सर्रास असतं.

एकाच ओळीत ‘मला मान्य आहे’ अशी सही घेऊ नका. प्रश्न वेगवेगळे विचारा. मुलाखत द्यायला तयार आहात का? रेकॉर्ड केलेलं चालेल का? प्रबंधात वाक्यं उद्धृत केली तर? नाव घालावं की नको? काम संपल्यावर रेकॉर्डिंग एखाद्या संग्रहात ठेवलं आणि इतर अभ्यासकांनी ऐकलं तर? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. मग प्रबंध झाल्यावर डेटा जमा करायचा विचार येतो, तेव्हा निम्मी माणसं पत्ता बदलून गेलेली असतात आणि काही या जगात नसतात. संमती मागे घेण्याची वाटही लिहून द्या, कधीपर्यंत आणि कुणाला फोन करून ते.

आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. संशोधनाला त्यात काही अटींवर सूट आहे. त्या सवलतीवर विसंबून संमती टाळू नका. विभागाच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्या आणि तिचा क्रमांक नोंदींत ठेवा.

नाव काढलं की ओळख झाकली, असं इथे होत नाही. बडोद्याचा मराठी समाज एकमेकांना ओळखणारा आहे. ‘खारीवाव रोडजवळ राहणारे, ग्रंथालयातून निवृत्त, वय ७८, कोकणस्थ’ एवढं वाचून कुणीही सांगेल हे कोण ते. म्हणून भागाचं नाव मोठं करा, वयाचा गट लिहा, व्यवसाय ढोबळ करा. कोणता तपशील कशानं बदलला त्याची किल्ली वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड लावून, मुलाखतींपासून दूर ठेवा. शब्दांकनात जिथे काही बदललंत तिथे चौकोनी कंस वापरा, म्हणजे वाचणाऱ्याला बदल झालाय हे दिसतं.

## नावं आणि फोल्डर

यावर फार वेळ घालवायची गरज नाही, पण नियम पहिल्या दिवशी ठरवा. फाइलचं नाव रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता. देवनागरी नावं एका संगणकावरून दुसऱ्यावर, किंवा झिप होऊन, जाताना कधी कधी मोडतात. नावात चार गोष्टी असाव्यात: काय आहे, कुठलं, क्रमांक आणि तारीख. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमानं लागते. ‘मुलाखत-वाडी-००७-२०२५-०१-१८-मूळ’ असं काहीतरी, रोमन अक्षरांत. ‘फायनल’ हा शब्द नावात नको. आवृत्तीला क्रमांक द्या.

मूळ फाइलींचा फोल्डर वेगळा असावा आणि तो ‘फक्त वाचण्यासाठी’ असा लॉक करावा. काटछाट, आवाज स्वच्छ करणं, रकाने बदलणं हे सगळं प्रतीवर.

## मराठी मजकुराची काळजी

परदेशी मार्गदर्शकांत हा भाग मिळत नाही, आणि आपली सगळ्यात मोठी गळती इथेच आहे.

जुन्या फाइली श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत असतील तर त्यांत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. आत रोमन संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की मजकूर गेला. अशा फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेत असलेल्या पद्धतीत, बदलून घ्या आणि बदललेला मजकूर मुळाशी ताडून पाहा. जोडाक्षरं आणि रफार इथे हमखास चुकतात. मूळ फाइल फेकू नका, आणि त्या मजकुराची एक पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे तो दिसायला कसा होता ते तरी राहील.

युनिकोडमध्येही फसगत होते. ‘ऱ्या’ मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो: एकदा नुक्त्याच्या ऱ ला हलंत देऊन, एकदा साध्या र नंतर हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला हे वेगळे शब्द वाटू शकतात, आणि ‘दुसऱ्या’ शोधलं तर निम्म्या नोंदी सापडत नाहीत. ‘ॲ’ चंही तसंच: एक स्वतंत्र अक्षर आहे आणि एक अ वर अर्धचंद्र देऊन केलेलं. कोणता कीबोर्ड वापरला ते नोंदवा, एक रूप ठरवा, आणि शेवटी सगळ्या फाइलींवर ‘शोधा आणि बदला’ फिरवा. ओपन-रिफाइन हा फुकट प्रोग्रॅम अशा सफाईला फार चांगला. तो शिकवणारे धडे ‘लायब्ररी कार्पेंट्री’कडे आहेत.

एक्सेलमधून सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी टेक्स्ट फाइल, काढताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा. साध्या सीएसव्हीत मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत मराठी होत नाहीत. आकडेमोड करायच्या रकान्यात इंग्रजी आकडे घाला, कारण बऱ्याच प्रोग्रॅमना देवनागरी आकडे मजकूर वाटतात.

तारखांचं प्रकरण इतिहासाच्या मुलांनी नीट लक्षात घ्यावं. १९०० च्या आधीची तारीख एक्सेलला तारीख म्हणून समजतच नाही. त्यात बडोदे संस्थानच्या कागदांत शके, विक्रम संवत, सुहूर सन अशा गणना येतात. मुळातली तारीख जशी लिहिली आहे तशी एका रकान्यात, मजकूर म्हणून, आणि इसवी सन वेगळ्या रकान्यांत: वर्ष, महिना, दिवस. रूपांतर कशाच्या आधारे केलं, तेही लिहा. एक्सेल स्वतःहून तारखा बनवतं हा त्रास किती मोठा आहे पाहा: काही मानवी जनुकांची संक्षिप्त नावं त्याला मार्च आणि सप्टेंबर वाटायची, म्हणून नामकरण समितीनं त्या जनुकांची नावंच बदलली आणि २०२० मध्ये त्याबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केलं.

मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. तरीही बहुतेकांना देवनागरी लिप्यंतरच सोयीचं जाईल. तसं असेल तर न लागलेलं अक्षर, अंदाजानं वाचलेलं अक्षर आणि फाटलेला कागद यांना तीन वेगळी चिन्हं ठरवा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. ऱ्हस्वदीर्घ मुळाप्रमाणे ठेवलेत की आजच्या नियमानं केलेत, हेही एका वाक्यात सांगा. आणि गुजराती शब्द आला तर तो देवनागरीत लिहिणार की गुजराती लिपीत, हे ठरवल्याशिवाय बडोद्यातलं एकही शब्दांकन सुरू करू नका.

## फाइलीचा प्रकार

थोडक्यात सांगते. आवाजासाठी डब्ल्यूएव्ही, स्कॅनसाठी टिफ, तक्त्यांसाठी सीएसव्ही, पूर्ण झालेल्या दस्तऐवजांसाठी पीडीएफ-ए, म्हणजे जतनासाठीचा पीडीएफ. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे शिफारस केलेल्या प्रकारांचं पत्रक आहे, शंका आली तर तिथे बघा. मोबाइलवर आधीच कॉम्प्रेस होऊन, म्हणजे आकारानं दाबून, रेकॉर्ड झालेली फाइल डब्ल्यूएव्हीत बदलल्यानं आवाज सुधारत नाही. अशा वेळी मूळ फाइल आहे तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. मूळ फोटो पेनड्राइव्हनं किंवा ईमेलनं मागवून घ्या.

## वाचा-मला फाइल

सगळ्या लेखातलं एकच काम आज करणार असाल, तर हे करा.

प्रत्येक मुख्य फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. जगभर तिला ‘रीडमी’ म्हणतात. कॉर्नेल विद्यापीठानं तिचा चांगला नमुना फुकट दिला आहे. त्यात काय असावं? संशोधनाचं शीर्षक आणि तुमचं नाव. सामग्री कोणत्या काळात, कुठे, कोणत्या साधनानं गोळा केली. फोल्डरांची रचना आणि फाइलींच्या नावाचा नियम. कोणती फाइल कशापासून बनली. काय गाळलं आणि का. वापरण्याच्या अटी. हे मराठीत लिहा आणि खाली तेच इंग्रजीत द्या, कारण उद्या वापरणारा मराठी जाणणारा असेलच असं नाही.

तक्त्यासाठी रकान्यांचा कोश वेगळा हवा. रकान्याचं नाव, अर्थ, एकक, चालणारी मूल्यं. समजा ‘घरभाषा’ या रकान्यात १ म्हणजे मराठी, २ म्हणजे गुजराती, ३ म्हणजे दोन्ही असं ठरवलंत. मग ‘दोन्ही’ म्हणजे काय? आजी-आजोबांशी मराठी आणि मुलांशी गुजराती, की सगळ्यांशी मिसळून? तुम्ही मुलाखत घेतानाच हे ठरवलेलं असतं, पण ते फक्त तुमच्या डोक्यात असतं. कोशात दोन वाक्यं लिहिली की दुसऱ्या कुणाला तुमचा निष्कर्ष तपासता येतो. उत्तर मिळालं नाही, विचारलं नाही आणि लागू नाही या तीन गोष्टींना वेगळे संकेत द्या. ‘९९’ हा आकडा वयाच्या रकान्यात अशा कामासाठी वापरू नका. नव्व्याण्णव वर्षांच्या आजीही भेटतात.

प्रत्येक वस्तूच्या नोंदीसाठी डब्लिन कोअर या नोंदपद्धतीचे १५ घटक पुरतात: शीर्षक, निर्माता, विषय, तारीख, भाषा, हक्क वगैरे. घरगुती रुमालातल्या प्रत्येक कागदाला एक ओळ, एवढीच शिस्त. या घटकांच्या पलीकडे एक रकाना माझ्या आग्रहाखातर वाढवा: कागद कोणत्या रुमालात, कितव्या जागी होता. एकत्र बांधलेले कागद एकमेकांचा अर्थ सांगतात. स्कॅन करायच्या घाईत तो क्रम मोडला तर ती माहिती दुसरीकडे कुठेही नसते.

नोंद त्याच दिवशी संध्याकाळी करा. मुलाखतीत मागे कसला आवाज होता, काका मध्येच कुणाबद्दल बोलायचे थांबले, हे आठवड्यानं आठवत नाही.

## प्रती, आणि विश्वामित्री

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, असा सर्वत्र मानला जाणारा नियम आहे. बडोद्यात ‘दुसऱ्या ठिकाणी’ याचा अर्थ दुसऱ्या शहरात असा घ्या. ३१ जुलै २०१९ ला शहरात पाणी भरलं, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीनं पात्र सोडलं आणि शहराच्या मोठ्या भागात घराघरांत पाणी शिरलं. एक डिस्क सयाजीगंजात आणि दुसरी फतेहगंजात ठेवली तर त्या एकाच पुरात सापडू शकतात. पुण्याच्या किंवा इंदूरच्या नातेवाइकाकडे एक हार्ड डिस्क, वर्षातून दोनदा जाताना बदलायची, ही व्यवस्था साधी आणि टिकाऊ आहे. घरातली डिस्क तळमजल्यावर नको, खालच्या कप्प्यात तर नकोच.

क्लाउड ड्राइव्ह हा बॅकअप असतोच असं नाही. एका ठिकाणी फाइल पुसली की ती जोडलेल्या सगळ्या ठिकाणांहून जाते. विद्यापीठानं दिलेलं खातं पदवीनंतर किती दिवस चालतं ते आधी विचारा आणि त्याच्या आत सगळं बाहेर काढा.

प्रत केली म्हणजे ती बरोबर झाली असं नाही. त्यासाठी चेकसम हे साधन आहे. फाइलमधल्या प्रत्येक बिटावरून हिशेब करून संगणक एक लांबलचक संकेत काढतो. एक बिट बदलला तरी संकेत पूर्ण बदलतो. विंडोजवर ‘सेव्हन-झिप’ हा फुकट प्रोग्रॅम बसवलात, तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ संकेत काढता येतो. मूळ फाइलींचे संकेत एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. डिस्क बदलताना आणि वर्षातून एकदा ताडून पाहा. जुळला नाही तर ती प्रत बाजूला काढा आणि दुसरीवरून नवी करा. तीन प्रती असण्याचा उपयोग तेव्हा कळतो.

आपण कुठवर पोहोचलो ते पाहायचं असेल तर अमेरिकेतल्या एनडीएसए या संघटनेचा डिजिटल जतनाच्या चार पातळ्यांचा एका पानाचा तक्ता आहे. एका संशोधकानं पहिली पातळी पूर्ण गाठली आणि दुसरीतलं जमेल तेवढं केलं, तर भरपूर झालं.

## जमा करायचं कुठे

शोधगंगा प्रबंधासाठी आहे. डेटासाठी वेगळं घर शोधावं लागतं. समाजशास्त्रांतल्या सर्वेक्षणांसाठी आपल्याकडे आयसीएसएसआर डेटा सर्व्हिस आहे, तीही इन्फ्लिबनेटच सांभाळतं. कुठल्याही विषयाला चालेल असं ठिकाण म्हणजे झेनोडो. युरोपातल्या सर्न या संस्थेनं ते २०१३ मध्ये सुरू केलं. एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइली ठेवता येतात, पैसे लागत नाहीत, आणि प्रत्येक नोंदीला डीओआय मिळतो. डीओआय म्हणजे त्या डेटाचा कायमचा पत्ता, जो तुम्ही प्रबंधात आणि निबंधात देऊ शकता. तुमच्या विषयाचं खास भांडार असेल तर ते आधी पाहा. ‘री-थ्री-डेटा’ या जागतिक सूचीत शोधता येतं.

सगळं जमा करू नका. मूळ सामग्री, अंतिम स्वच्छ तक्ता, रकान्यांचा कोश, वाचा-मला फाइल, कोऱ्या संमतिपत्राचा नमुना आणि प्रश्नावली. मधल्या पंचवीस आवृत्त्या नकोत. सह्या केलेली संमतिपत्रं आणि नावांची किल्ली कधीच नको.

परवाना निवडताना घाई नको. तुम्ही तयार केलेल्या तक्त्याला सीसी-बाय योग्य आहे: कुणीही वापरावा, श्रेय द्यावं. लोकांच्या आवाजाला तो लावण्याचा हक्क तुम्हाला त्यांच्या संमतीनंच मिळतो. संमती नसेल तर नोंद खुली ठेवा, फाइली बंद. घरच्या जुन्या पत्रांबाबत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कागद ज्यांच्या कपाटात आहे, मजकुराचा हक्क त्यांचाच असतो असं नाही. हक्क लिहिणाऱ्याचा, आणि नंतर त्याच्या वारसांचा. लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्याचा हक्क भारतात त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. अप्रकाशित पत्रांचा हिशेब वेगळा आणि जास्त गुंतागुंतीचा आहे. म्हणून पत्रं जाहीर करण्याआधी दोन्ही बाजूंच्या कुटुंबांकडून लेखी परवानगी घ्या.

जमा करताना ‘ऑर्किड’ हा संशोधकाचा क्रमांक काढून घ्या. लग्नानंतर आडनाव बदललं, किंवा नाव कधी पाटणकर, कधी पाटनकर असं छापलं गेलं, तरी काम एकाच माणसाच्या नावावर राहतं.

## घरच्यांची प्रत

ज्यांनी रुमाल उघडून दिला, तास न् तास बोलले, त्यांना त्यांच्या सामग्रीची प्रत द्या. पेनड्राइव्हवर स्कॅन आणि रेकॉर्डिंग, सोबत मराठीतली वाचा-मला फाइल, आणि यादीची एक छापील प्रत. यादी मोठ्या टाइपात छापा. आजींना त्यात आपल्या सासऱ्यांचं नाव वाचता आलं पाहिजे, आणि चुकलं असेल तर त्यावरच पेननं दुरुस्त करता आलं पाहिजे. पंधरवड्यानं परत जा, ती दुरुस्त केलेली यादी घेऊन या. दुरुस्त्या तक्त्यात घाला, कुणी सुचवल्या ते वेगळ्या रकान्यात लिहा. त्यांना नाव नको असेल तर तिथेही मुलाखतीचा क्रमांकच घाला. मग झेनोडोवर नवी आवृत्ती चढवा. जुन्या आवृत्तीचा डीओआय तसाच राहतो आणि नवीला वेगळा मिळतो.